पूल झाला की येतो

मानकोली नाक्यावर कुणालाही एका दमात वाक्य पूर्ण करता येत नाही. कर्ता बोलून व्हावा, कर्म निम्म्यावर यावं आणि क्रियापद ओठांवर असतानाच नाशिककडे निघालेला चाळीस फुटी कंटेनर हॉर्न वाजवत अंगावरून जावा, असा इथला नियम आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे खरी बातमी नेमकी हॉर्नखाली सापडते. ‘त्याच्या पोरीचं लग्न...’ एवढं कानावर येतं. ठरलं की मोडलं, ते कंटेनर गेल्यावर. तोवर ऐकणाऱ्यानं चेहरा मधोमध धरून ठेवायचा. आनंद नको, दुःखही नको. असा दोन्हीकडे वळवता येणारा चेहरा आमच्याकडे विशीपर्यंत तयार होतो. राजकारणात जाणाऱ्यांना तो पुढे फार उपयोगी पडतो.

ज्यांना मानकोली ठाऊक नाही त्यांनी ‘मानकोलीला अडकलोय’ हे वाक्य तरी ऐकलेलं असतं. ठाण्याहून मुंबई-नाशिक महामार्गानं निघालं, खारेगावची खाडी ओलांडली की थोड्याच वेळात आमचा नाका येतो. हे ‘थोड्याच वेळात’ रात्री दोन वाजता प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. इतरांनी आपापल्या हिशोबानं वाचावं. आजूबाजूला दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशी गावं. एकेकाळी इथे भातशेती होती, खाडीची मासळी होती. आता गोडाऊन आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गाला लागून, न्हावाशेवा बंदर आवाक्यात आणि जमीन मुंबईच्या मानानं स्वस्त, म्हणून व्यापाऱ्यांनी माल ठेवायला ही जागा हेरली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊन काही गेली नाहीत. उलट वाढली.

या गोडाऊनमध्ये येणाऱ्या प्रत्येक खोक्याची काय बडदास्त असते! आला की त्याच्यावरचा बारकोड वाचतात. रॅकवर चढला की पुन्हा वाचतात. उतरला, भरला, गेटबाहेर गेला, प्रत्येक वेळी नोंद. कल्याणला कुणीतरी मागवलेला मिक्सर या क्षणी नेमका कुठे आहे, हे कल्याणच्या बाईला घरबसल्या कळतं. आणि त्याच मिक्सरच्या गोडाऊनवर सुपरवायझर असलेला आमचा मित्र ‘निघालो’ म्हणून दीड तास झाला, तो कुठे आहे हे कुणालाही सांगता येत नाही. त्याच्या आईलाही नाही.

म्हणून आमचा प्रत्येक फोन ‘कुठे हायस?’ पासून सुरू होतो. दोरीच्या फोनच्या काळात हा प्रश्न कुणी विचारत नसे. फोन भिंतीला बांधलेला, माणूस फोनला. एडिसननं फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणावं असं सुचवलं आणि खुद्द ग्रॅहम बेलला ‘अहॉय’ आवडायचं, यावरून त्या मंडळींची बरीच चर्चा झाली म्हणतात. दोघांनाही हे सुचलं नाही की एक दिवस माणूस ‘हॅलो’ही गाळेल आणि थेट पत्ता विचारेल.

पत्त्याचं उत्तर मात्र कुणी खरं देत नाही आणि गंमत म्हणजे त्यात कुणी फसतही नाही. ‘निघालो’ म्हणजे टॉवेल शोधतोय. ‘खारेगाव सोडलं’ म्हणजे माजिवड्याच्या सिग्नलला आहे. ‘मानकोलीला पोचलोच’ म्हणजे खारेगाव आता कुठे आलं. ‘पाच मिनिटं’ म्हणजे तू चहा सांगून टाक, माझा सांगू नकोस, थंड होईल. ऐकणारा मनातल्या मनात एकेक मुक्काम मागे सरकवतो आणि त्याला बरोबर जागा कळते. व्हॉट्सॲपनं २०१७ मध्ये चालू ठिकाण नकाशावर दाखवायची सोय आणली. ती आमच्याकडे दोघंच वापरतात: ड्रायव्हरचा ट्रान्सपोर्टवाला मालक आणि नवऱ्याची बायको. मित्रानं मित्राला ‘लोकेशन टाक’ म्हणणं म्हणजे सरळ हिशोबाची वही मागणं. एकानं एकदा मागितलं होतं. तो आता दुसऱ्या नाक्यावर बसतो.

बरं, एवढी वाट पाहून तो येतो तेव्हा बोलणं काय होतं?

‘काय रं दादूस, काय नवीन?’

‘काय नाय. तुझा?’

‘काय नाय.’

मग चहा येतो. मग दोघं रस्त्याकडे बघतात. एक ट्रेलर जातो. ‘हा गुजरातचा दिसतोय,’ एक म्हणतो. दुसरा नंबरप्लेट वाचून ‘गुजरातचाच’ म्हणतो. सात वाजल्यापासून साडेनऊपर्यंत हे चालतं. घरी गेल्यावर बायको विचारते, ‘त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ना काल? कसं झालं?’ आता हे कुणाला माहीत! अडीच तास मांडीला मांडी लावून बसलो होतो, पण आईचा विषयच निघाला नाही. मग बायको त्याच्या बायकोला फोन लावते आणि सहा मिनिटांत मोतीबिंदू, डॉक्टर, बिल, विम्यानं किती दिले, आईला भेटायला कोण आलं, कोण आलं नाही आणि जो आला नाही त्यानं काय कारण सांगितलं, हे सगळं घेऊन फोन ठेवते.

पण याला शास्त्राधार आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून राहिला. तिथली माणसं संध्याकाळी एकत्र बसून जे बोलतात त्यात माहिती अशी नसतेच, हे त्यानं टिपलं. तब्येतीची चौकशी, हवेबद्दल शेरा, दोघांनाही दिसतंय तेच एकमेकांना सांगणं. १९२३ मध्ये त्यानं या प्रकाराला ‘फॅटिक कम्युनियन’ असं भारदस्त नाव दिलं आणि सांगितलं, की हे बोलणं नातं बांधून ठेवण्यासाठी असतं, विचार पोचवण्यासाठी नव्हे. एवढं शोधायला बिचारा बेटावर गेला. मानकोली नाक्यावर दोन संध्याकाळी पुरल्या असत्या. एक अडचण मात्र आली असती. आमच्याकडे परका माणूस वही घेऊन इकडेतिकडे बघत उभा राहिला, की पाच मिनिटांत कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतो, ‘शेठ, गाळा बघताय का? किती स्क्वेअर फूट?’

हे ‘शेठ’ प्रकरण बाहेरच्याला गोंधळात टाकतं. भिवंडीत ज्याचा गाळा तो शेठ, हे ठीक. पण ज्यानं गाळा भाड्यानं घेतला तोही शेठ, ज्यानं भाडं थकवलं तो मोठा शेठ, आणि थकलेलं भाडं मागायला जाणाराही ‘शेठ, जरा बघा की’ असंच सुरू करतो. टपरीवाला आम्हाला शेठ म्हणतो, आम्ही त्याला. एकमेकांत मात्र आम्ही दादूस. आगरी माणसानं ‘दादूस’ म्हटलं की समजावं आपण घरचे. ज्या दिवशी मित्र आपल्याला ‘दादूस’ सोडून ‘शेठ’ म्हणायला लागतो, त्या दिवशी एकतर आपले पैसे त्याच्याकडे अडकलेत किंवा त्याला आणखी हवेत.

आमच्या टोळीत एक लूमवाला आहे. त्याचं सगळं आयुष्य भिवंडीच्या यंत्रमागांत गेलं. भिवंडीला भारताचं मँचेस्टर म्हणायची पद्धत आहे, ती कापडामुळे. पण साम्य आणखी एका बाबतीत आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपासच्या लँकशायरमधल्या मागांवर इतका खडखडाट असे, की तिथल्या बायका आवाजावाचून बोलायला शिकल्या. ओठ ताणून, चेहरा हलवून, हातांनी खुणा करून. त्या प्रकाराला ‘मी-मॉ’ असं नावही होतं. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला मालकाबद्दल काय वाटेल ते सांगे आणि मालक मधून फिरत असे. आमच्या लूमवाल्यानं नेमका उलटा मार्ग धरला. तो मागापेक्षा मोठ्यानं बोलायला शिकला. माग कधीच विकले, आवाज राहिला. त्याला गुपित सांगण्याची फार हौस. ‘कुणाला बोलू नको हां,’ असं तो नाक्याच्या या बाजूला म्हणतो आणि उड्डाणपुलाच्या पलीकडे पंक्चर काढणारा पोरगा मान हलवून ‘नाही बोलणार’ म्हणतो. आमच्यात मानकोलीच्या हॉर्नवर मात करून क्रियापद पोचवणारा तोच एक. त्यामुळे लग्न ठरल्याच्या-मोडल्याच्या बातम्या आम्ही त्याच्याकडूनच घेतो.

फोनवर मात्र त्याच्याशी बोलणं कठीण. फोन हातभर लांब धरावा लागतो. पूर्वी एवढं वाईट नव्हतं, कारण पूर्वी तो फोनवर फारसा बोलतच नसे. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल फोन लावला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता. शिवाय आलेला फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. त्या जमान्याबद्दल मला एकच आदर वाटतो. ऐकणाऱ्यानं ऐकण्याचे पैसे मोजले होते. आज कोण मोजेल? त्या भावात ‘काय नवीन? काय नाय’ची अडीच तासांची संध्याकाळ मांडली असती तर एका बैठकीत गाळा गहाण पडला असता.

आमच्यापर्यंत मोबाइल आला तो मिस्ड कॉलच्या रूपानं. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि सगळ्या देशानं एकाच वेळी ठरवलं, की आता आपण फोन लावायचा नाही, दुसऱ्यानं लावायचा. एक रिंग म्हणजे घरी पोचलो. दोन म्हणजे नाक्यावर ये. तीन म्हणजे खरंच काम आहे, उचल. तिसरी रिंग वाजताच समोरचा घाबरून फोन कापायचा, आपले पैसे जातील म्हणून, आणि खरं काम राहून जायचं. तरीही एक पैसा खर्च न करता आम्ही रोज भेटत होतो, वेळेवर भेटत होतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फोन करणं जवळपास फुकट झालं आणि त्या दिवसापासून कुणी वेळेवर आलेलं नाही. वेळेवर येण्यापेक्षा ‘येतोय’ असं दहादा सांगणं स्वस्त पडतं.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याचं नाव ‘हळद, शुक्रवार’. एका मित्राच्या धाकट्या भावाच्या हळदीसाठी तो काढला होता. मंडपवाला, मटण, बँजो, पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा, यासाठी. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. लग्नाला आला नाहीत तर चालेल, हळदीला आला नाहीत तर पुढच्या पिढीपर्यंत लक्षात राहतं. तर हळद झाली, लग्न झालं, त्या भावाचा पोरगा आता शाळेत जातो, पण ग्रुप ‘हळद, शुक्रवार’च. नाव बदलायचा प्रस्ताव आला होता. त्यावर तीन दिवस चर्चा झाली, दोन जण बाहेर पडले, त्यांना परत घेतलं आणि नाव तेच ठेवलं. आता याच ग्रुपवर तेराव्याचे निरोपही येतात. वर ‘हळद, शुक्रवार’, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याच्याखाली कुणीतरी न वाचता टाकलेला अंगठा.

२०१४ मध्ये व्हॉट्सॲपनं निळ्या खुणा आणल्या आणि वाचून गप्प बसण्याची जुनी मराठी कला उघड्यावर आली. पत्राच्या काळी ‘पत्र मिळालंच नाही’ म्हणायला पोस्ट खातं होतं. आता काय म्हणणार? आमच्या एकानं तोडगा काढला, निळ्या खुणा बंदच करून टाकल्या. तेव्हापासून तो काहीतरी लपवतोय याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. २०१८ पासून भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येतो. अफवा पसरू नयेत म्हणून घातलेल्या या बंधनाचा आमच्याकडे परिणाम एवढाच झाला, की आमचे एक निवृत्त मास्तर तोच सुप्रभात पाच-पाचच्या हप्त्यांत पाठवू लागले. पहिल्या हप्त्याला सूर्य उगवलेला असतो, शेवटच्या हप्त्याला जेवणाची वेळ झालेली असते.

लूमवाला लिहीत नाही, बोलून पाठवतो. चार मिनिटांचा निरोप असतो. पहिलं मिनिट ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ यात जातं. हा फोन नाही, आपण एकटेच बोलतोय, हे त्याला कुणी पटवू शकलेलं नाही. मधे तो उत्तरासाठी थांबतोसुद्धा.

आणि एवढी साधनं असून आमच्याकडे आमंत्रण मात्र घरी जाऊनच द्यावं लागतं. रोज नाक्यावर भेटणारा, ज्याच्याशी मंडप ठरवताना चार वेळा सल्लामसलत केली, ज्यानं मटणवाल्याशी भाव करून दिला, त्याच्याही दारात जोडीनं जायचं, अक्षता द्यायच्या, पत्रिका हातात ठेवायची आणि म्हणायचं, ‘भाऊ, सहकुटुंब यायचं हां.’ तोही गंभीर चेहऱ्यानं पत्रिका उघडतो, तारीख वाचतो आणि ‘अरे वा, कधी ठरलं?’ म्हणतो. हे केलं नाही तर तो येणार नाही. मंडपात खुर्च्या मांडून देईल आणि मग घरी जाऊन बसेल, कारण त्याला ‘बोलावणं’ नाही. व्हॉट्सॲपवरची पत्रिका ही आमच्याकडे फक्त लग्न आहे एवढी बातमी. ती सगळ्या जगाला असते. सांगणं म्हणजे उंबरठ्याच्या आत येऊन सांगणं. मला हा नियम पटतो. अडीच तास काही न बोलणाऱ्या माणसांनी वर्षातून एकदा तरी पूर्ण वाक्य बोलावं, क्रियापदासकट, आणि जिथे कंटेनर नाही अशा ठिकाणी.

बोलण्यानं कामं होतात याचा पुरावा आमच्या परिसरात आहे, नाही असं नाही. शेजारच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी भावांसह पोर्तुगीजांच्या जाचाचं गाऱ्हाणं पेशव्यांपर्यंत नेलं. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या काळी अंजूरहून पुण्याला निरोप पोचवायचा तर घाट चढावा लागे, आणि वाटेत निरोप्या पकडला गेला तर संपलंच. तरी वसईचा किल्ला ठरला, वेढा ठरला, विजय मिळाला. आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, दिवसाला दोन जीबी आहेत, आणि रविवारी बोकडाचं आणायचं की खाडीची कोळंबी, हे शनिवारी रात्री बारापर्यंत ठरत नाही. शेवटी कुणीतरी ‘जे ठरेल ते कळवा’ असं लिहितो. त्याच्याखाली सगळे ‘हो’ म्हणतात. मग कळवणारा उरत नाही आणि रविवारी प्रत्येक जण आपापल्या घरी अंड्याची पोळी खातो.

ठरत नाही ते नाही, पण आमचं संपतही नाही. ‘चल, निघतो’ असं म्हणून माणूस उठला की बैठकीचा उत्तरार्ध सुरू झाला असं समजावं. तो मोटारसायकलवर बसतो. किल्ली फिरवतो. एक पाय जमिनीवर. इथे त्याला काहीतरी आठवतं. ‘अरे हां, ते जमिनीचं...’ आणि सातबारा निघतो. गाडी सुरूच. मोजणी, फेरफार, चुलत्याची सही, बहिणींची सही, सगळं त्या एका पायावर. हेल्मेट घातलं की शेवट जवळ आला असं नवशिक्यांना वाटतं. हेल्मेटच्या आतूनही पंधरा मिनिटं बोलता येतं. ऐकणाऱ्याला फक्त ‘हो ना’ म्हणत राहावं लागतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं शेकडो संभाषणं तपासली. त्यांना असं दिसलं, की दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं जेमतेम दोन टक्के निघाली. बाकी ठिकाणी कुणाला आधीच संपवायचं होतं, कुणाला अजून बोलायचं होतं, आणि कुणीच दुसऱ्याला तसं सांगितलं नव्हतं. अमेरिकेत दोन टक्के म्हणजे बरंच झालं. आमच्याकडे संभाषण पेट्रोल संपल्यावर संपतं.

आता डोंबिवलीकराचं सांगतो. हा मूळ इथलाच. पोरांच्या शाळेसाठी डोंबिवलीला फ्लॅट घेतला आणि गेला. डोंबिवली आणि मानकोली समोरासमोर आहेत. मधे उल्हास नदीची खाडी. आमच्या किनाऱ्यावरून त्याच्या बाजूचे दिवे दिसतात. पण गाडीनं यायचं तर कल्याणला जा, दुर्गाडीहून कोनमार्गे रांजणोलीला ये आणि मग इकडे. नाहीतर शिळफाटा, मुंब्रा, ठाणे असा सगळा जिल्हा फिरून ये. एमएमआरडीएनं मोठागाव ते मानकोली पूल बांधायला घेतला आणि त्या दिवसापासून ‘पूल झाला की येतो’ हे त्याचं ब्रीदवाक्य झालं. बारशाला बोलावलं, पूल झाला की येतो. जत्रेला बोलावलं, पूल झाला की येतो. आजारी पडलो, काळजी घे, पूल झाला की येतोच बघायला.

ती वर्षं आमच्या मैत्रीतली सर्वांत बोलकी. रोज फोन. ‘तुमच्या बाजूचा खांब वर आला का?’ ‘आला. तुमचा गर्डर?’ ‘बसवतायत.’ तो तिकडून बघून सांगायचा, मी इकडून. कंत्राटदाराला वाटलं नसेल इतकं लक्ष आम्ही त्या पुलावर ठेवलं. काम रखडलं की आम्ही दोघं मिळून सरकारला शिव्या देत असू आणि फोन ठेवताना दोघांनाही बरं वाटत असे. येता येत नव्हतं, त्यात त्याचा दोष नव्हता, माझाही नव्हता. उल्हास नदीचा होता.

शेवटी एकदाचा पूल सुरू झाला. जेमतेम किलोमीटरभराहून थोडा लांब. डोंबिवलीकर पहिल्याच रविवारी बायको-पोरांसह मिठाई घेऊन आला. पंधरा मिनिटांत पोचल्याचं त्यानं तीनदा सांगितलं. आम्ही पुलाबद्दल बोललो. मग चहा झाला. मग पुन्हा पुलाबद्दल बोललो. मग लक्षात आलं की पूल झालाय, म्हणजे तो विषय संपला. तो भिंतीकडे बघू लागला, मी पंख्याकडे. वहिनी आत आमच्या घरच्यांशी जोरजोरात हसत होत्या. त्यांचा विषय पुलावर कधी अवलंबूनच नव्हता. ‘आता काय, कधीही येता येईल,’ जाताना तो म्हणाला. जे कधीही करता येतं ते माणूस कधी करतो? तो महिनोन्‌महिने फिरकला नाही. फोनही कमी झाले. करून बोलायचं काय? ‘ये’ म्हणावं तर तो आला असता.

मैत्री वाचवली ती मोठागावच्या रेल्वे फाटकानं. पूल उतरून डोंबिवलीच्या बाजूला गेलं की दिवा-वसई मार्गावरचं हे फाटक लागतं, आणि संध्याकाळी पुलामुळे आलेल्या गाड्या त्याच्यापाशी तुंबतात. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. कित्येक दिवसांनी आवाजात जुना जोर होता.

‘अरे, तुझ्याकडेच निघालो होतो. फाटक पडलंय.’

‘मालगाडी?’

‘मालगाडीच. लई लांब दिसतेय.’

‘मग काय, अडकलास.’

‘अडकलोच. हे सरकार ना, पूल बांधायचा तर फाटकाचं आधी बघायला नको?’

मी म्हटलं, नको कसं, बघायलाच पाहिजे. मग सरकार झालं, रेल्वे झाली. मग त्याच्या आईचे गुडघे निघाले. मोठ्याला बारावीला किती पडले, तो काय म्हणतो, ते निघालं. मग गावातली जुनी विहीर बुजवली का, तिच्यात आपण पोहायला शिकलो होतो, ते निघालं. दोन वर्षांत त्यानं मला एवढं सांगितलं नव्हतं. मधेच त्याच्या मागून हॉर्नचा कल्लोळ ऐकू यायला लागला.

‘फाटक उघडलं वाटतं,’ मी म्हटलं.

‘हो, कवाच.’

‘मग ये की.’

‘थांब, जरा गाडी बाजूला घेतो, मागचे बोंबलतायत... हां, बोल. विहिरीचं काय म्हणत होतास?’